जुन्या गिटारला नवे पॉलिश नको

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या महामंदीच्या काळात, म्हणजे 1930च्या दशकात बनलेली मार्टिन या कंपनीची गिटार सुस्थितीत हाती आली, की आधी मोह होतो तो पॉलिशचा. तो आवरावा. मूळ लॅकर, म्हणजे लाकडावरचा चकचकीत लेप, खरवडले की किंमत उतरते.

खरा धोका तारांचा. त्या काळच्या मार्टिनच्या नेकमध्ये, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यात, तारांच्या ताणाशी जुळवून घेता येणारा रॉड नाही. तो कंपनीने 1985मध्ये आणला. म्हणून जाड तारा नकोत, 0.011 इंचांपासूनचा हलका संच पुरे. आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवा. हवा कोरडी पडली की स्प्रूस लाकडाची वरची फळी चिरते. तारा नेकपासून उंच झाल्या म्हणून ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी, तासणे ही तर शुद्ध आळशी दुरुस्ती! वाफेने सरस मऊ करून नेक काढावी, कोन सुधारून पुन्हा बसवावी. आणि रबरी स्टँड टाळा, लॅकर मऊ होऊन चिकटते.

– एक वाचक