कोशातला ब्राउन नुसता ‘तपकिरी’ नको

महोदय,

इंग्रजी कोशातल्या व्याख्येत रंगाचा शब्द शोभेसाठी नसतो. वस्तू ओळखता यावी म्हणून तो खूण म्हणून घातलेला असतो. ब्रोमीन म्हणजे तांबूस तपकिरी द्रव. आयोडीनचे स्फटिक काळसर करडे, पण वाफ जांभळी. क्लोरीन आणि आयोडीन ही नावेसुद्धा ग्रीक रंगशब्दांवरूनच पडली आहेत. इंग्रजी-मराठी कोश तयार होताना नेमकी ही खूण पुसट होते. शाळकरी मुले आणि नवे अनुवादक त्याच कोशांवर विसंबून असतात, म्हणून हे पत्र.

पहिली चूक शब्दांच्या क्रमाची. क्लोरीनच्या व्याख्येत ‘ग्रीनिश यलो’ असे असते. इंग्रजीत मुख्य रंग शेवटी येतो. आधीचा ‘-इश’वाला शब्द नुसती झाक सांगतो. म्हणजे वायू हिरवट पिवळा. ‘पिवळसर हिरवा’ लिहिले की वायूचा रंगच बदलला. ‘ब्लू-ग्रीन’मध्ये मात्र ‘-इश’ नाही, तिथे दोन्ही रंग बरोबरीचे धरावेत. कापडाबद्दल बोलणे असेल तर सरळ ‘मोरपंखी’ म्हणावे.

‘-इश’साठी मराठीत एकच प्रत्यय नाही, हे आपले भाग्यच. लालसर, तांबूस, पांढुरका, काळपट, पिवळट. पण हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘पिवळट’ म्हटले की जुना कागद किंवा न घासलेले दात डोळ्यांपुढे येतात; ‘पिवळसर’मध्ये तसा कमीपणा नाही. इंग्रजी ‘यलोइश’ दोन्हीकडे चालतो. त्यामुळे फुलाच्या नोंदीत ‘पिवळसर’ आणि विटलेल्या कापडाच्या नोंदीत ‘पिवळट’ ही निवड मराठी संपादकालाच करावी लागते.

याहून मोठा घोटाळा ‘गडद’ आणि ‘फिकट’ या दोन शब्दांनी केला आहे. अमेरिकी चित्रकार अल्बर्ट मन्सेल यांनी 1905 मध्ये रंग मोजण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत : रंग कोणता, तो किती उजळ आणि किती तीव्र. 1961 च्या ‘वेबस्टर्स थर्ड’ या मोठ्या अमेरिकी इंग्रजी कोशातल्या रंगांच्या व्याख्या याच तीन अंगांनी लिहिलेल्या दिसतात. तिथे ‘बेगोनिया’ हा रंग ‘कोरल’पेक्षा अधिक निळ्याकडे झुकणारा, अधिक उजळ आणि अधिक तीव्र असा गुलाबी आहे. ‘कोरल’ ठाऊक नसलेल्याला पुन्हा पाने उलटावी लागतात हा त्या पद्धतीचा दोष खराच, पण मोजमाप चोख आहे. आपल्याकडे डार्क, डीप, स्ट्राँग, व्हिव्हिड या चौघांना सरसकट ‘गडद’ म्हणतात. खरे तर ‘डार्क’मध्ये उजेड कमी असतो, ‘व्हिव्हिड’मध्ये तीव्रता जास्त असते आणि ‘डीप’मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र येतात. शब्द आपल्याकडे आहेत. डार्कला काळसर, व्हिव्हिडला भडक, स्ट्राँगला ठसठशीत आणि डीपला गडद म्हणता येईल. तसेच ‘लाइट’ म्हणजे उजळ, ‘पेल’ म्हणजे फिकट आणि ‘डल’ म्हणजे मळकट.

आता ब्राउन. लाल रंगाची व्याख्या काही इंग्रजी कोश तरंगलांबीने करतात, साधारण 620 ते 750 नॅनोमीटर. ब्राउनची तशी करता येत नाही, कारण इंद्रधनुष्यात ब्राउन नाहीच. नारिंगी रंगाचा उजेड कमी केला आणि शेजारी काही उजळ असले की डोळ्यांना तोच ब्राउन दिसतो. म्हणून त्याची व्याख्या मिश्रणाने किंवा वस्तूच्या उपमेने करावी लागते. आपली उपमा तपकिरीची, म्हणजे नाकात ओढायच्या तंबाखूच्या भुकटीची; पण आजच्या मुलाने तपकिरीची डबी पाहिलेली नसते. शिवाय इंग्रजीत जिथे जिथे ब्राउन येतो, तिथे मराठी माणूस ‘तपकिरी’ म्हणत नाही. ‘ब्राउन आइज’ला आपल्याकडे बहुतेक वेळा काळे डोळे म्हणतात. कातडीचा ब्राउन म्हणजे सावळा किंवा गव्हाळ. ‘ब्राउन राइस’ला बिनपॉलिशचा तांदूळ म्हटले तरच वाण्याला कळते.

काही ठिकाणी रंगाचा शब्द जुना राहिला आणि भाषा पुढे गेली. इंग्लंडमधल्या रॉबिन पक्ष्याला ‘रेडब्रेस्ट’ म्हणतात, पण त्याची छाती नारिंगी असते. हे नाव पडले तेव्हा इंग्रजीत ‘ऑरेंज’ हा रंगाचा शब्द रुळलेलाच नव्हता. तो सोळाव्या शतकातला. अशा नोंदीत ‘लाल छातीचा’ असे लिहून थांबू नये, खरा रंगही द्यावा. ‘व्हाइट वाइन’चेही तसेच. ती फिकट पिवळी असते. तिला ‘व्हाइट’ म्हणतात ते ‘रेड’पासून वेगळी ओळखू यावी म्हणून.

रसायनांच्या नोंदीत रंगाबरोबर पदार्थाची अवस्थाही सांभाळावी. मोरचुदाचे स्फटिक निळे असतात. तापवले की त्यांतले पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यावर पाण्याचे थेंब टाकले की निळेपण परत येते. इंग्रजी व्याख्येतला ‘स्फटिकरूप, पाणी धरून असलेले’ हा भाग जागा वाचवण्यासाठी गाळला, तर ‘निळा पदार्थ’ ही खूण अर्धवट ठरते.

शालेय कोशांच्या संपादकांना विनंती, की पुढच्या आवृत्तीत निदान ब्राउनची नोंद अशी असावी : ‘तांबडा, पिवळा आणि काळा यांच्या मिश्रणाचा रंग, नारळाच्या करवंटीचा, भाजलेल्या कॉफीच्या बियांचा. अस्वल, लाकूड, चामडे : तपकिरी. माणसाचा वर्ण : सावळा, गव्हाळ. डोळे : काळे, तपकिरी. तांदूळ : बिनपॉलिशचा.’ सोबत रंगाचा छापील चौकोन दिला तर उत्तमच, पण उपमा काढू नये. शाई उडते आणि कागद पिवळा पडतो.

– कोशकामातील दोन वाचक, पुणे