हक्कांची फाइल सांभाळणाऱ्या ताईंना अनावृत पत्र

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

तुमच्या निरोप समारंभात भाषणं भरपूर झाली. तुम्ही किती काटेकोर, तुमच्या टेबलावरून एक कागद कधी गहाळ झाला नाही, भल्याभल्या दिग्दर्शकांना तुमच्यासमोर कसं ताटकळत बसावं लागायचं, सगळं बोलून झालं, हसून झालं. पण सार्वजनिक टीव्हीवर माहितीपट करणारी निदान एक पिढी तुमच्या हाताखालून गेली आणि त्यातले कितीतरी जण निर्माते म्हणून टिकले ते तुमच्यामुळे, हे कोणाच्या तोंडून आलं नाही. माझी पाळी येईतो सभागृह रिकामं करून द्यायची वेळ झाली. म्हणून हे जाहीर आणि लेखी. नाहीतरी लेखी असल्याशिवाय तुम्हाला काही पटत नाही.

मी या धंद्यात आले तेव्हा पुढचं सगळं मला पाठ होतं. आधी संशोधन साहाय्यक, मग साहाय्यक निर्माती, मग निर्माती, पुढे मालिकेची जबाबदारी, आणि नशिबात असलंच तर कार्यकारी निर्माती. हक्क आणि आर्काइव्हचं टेबल, म्हणजे दुसऱ्यांचं जुनं फुटेज, छायाचित्रं, गाणी वापरायच्या परवानग्या सांभाळणारं टेबल, या यादीत कुठेच नव्हतं. तिकडे पाठवलं म्हणजे पोरगी बाजूला पडली, असं माझ्याबरोबर रुजू झालेल्यांनी तोंडावर सांगून टाकलं. ते शूटिंगला गेले, मी तुमच्यासमोर येऊन बसले.

तुम्ही माझ्यापुढे एक क्यू शीट सरकवलीत. तासाभराच्या माहितीपटातला बाहेरून घेतलेला एकेक तुकडा त्यात होता: कुठल्या टाइमकोडला, म्हणजे कितव्या मिनिट-सेकंदाला, सुरू, कुठे संपतो, किती सेकंद, कोणाकडून घेतला, देणारा खरोखर मालक आहे की मधला कोणी. आणि शेवटी तुमचे लाडके तीन रकाने: माध्यम, प्रदेश, मुदत. "हे तीन वाच आणि हा माहितीपट कधी मरणार ते मला सांग," म्हणालात. मला वाटलं, गंमत करताय. वाचत गेले. जुन्या वृत्तचित्राचा तुकडा जगभरासाठी, कायमचा. एक छायाचित्र फक्त टीव्हीसाठी. आणि मध्येच अकरा सेकंदांचं एक गाणं: एकच देश, पाच वर्षं, तीन प्रक्षेपणं. बाकीचं सगळं नीट असूनही त्या अकरा सेकंदांपायी अख्खा तास पाच वर्षांनी कपाटात जाणार होता.

त्याच दिवशी तुम्ही 'आइज ऑन द प्राइज'ची कथा सांगितलीत. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी ती सांगते, तेव्हा इथेही सांगतेच. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीवरची ही मालिका. तिचे निर्माते हेन्री हॅम्प्टन 1965 मध्ये मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा गावच्या मोर्चात स्वतः होते आणि यावर फिल्म व्हायला हवी हे त्यांच्या मनात तिथेच आलं. 1968 मध्ये त्यांनी बॉस्टनला ब्लॅकसाइड ही कंपनी काढली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला व्यावसायिक कंपनीच्या पैशांवर केलेला पहिला प्रयत्न बारगळला. मग पुन्हा ठिकठिकाणी हात पसरून पैसे उभे केले. पहिले सहा भाग 1987 मध्ये पीबीएस या अमेरिकेतल्या सार्वजनिक टीव्हीवर आले, पुढचे आठ 1990 मध्ये. कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय निर्मात्यांच्या मुद्दाम जोड्या लावलेल्या होत्या. कॅमेरा हातात घेण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून इतिहासकारांची आणि चळवळीतल्या माणसांची शिकवणी लावली होती. एवढं सगळं करून शेवटी काय झालं, तर फुटेज, छायाचित्रं, गाणी यांचे हक्क परवडतील तेवढ्याच मुदतीचे घेतलेले, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्या मुदती एकेक करून संपल्या. मालिका टीव्हीवर दाखवता येईना, नव्या प्रती विकता येईनात. हॅम्प्टन 1998 मध्ये गेले. 2005 मध्ये फोर्ड फाउंडेशनने सहा लाख आणि रिचर्ड गिल्डर या देणगीदारांनी अडीच लाख डॉलर दिले, तेव्हा कुठे हक्क नव्याने घेण्याचं काम मार्गी लागलं. पहिले सहा भाग 2006 मध्ये पुन्हा पडद्यावर आले.

मी लगेच म्हटलं, मग त्यांनी आधीच कायमचे हक्क का नाही घेतले? तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "कायमचे घेत बसला असता तर मालिकाच झाली नसती. निर्मात्याने कुठे काटकसर केली याला महत्त्व नाही. कुठे केली आणि तिचं बिल कधी येणार, हे त्याला माहीत हवं." माहितीपटाच्या निर्मितीवर मी पुढे बऱ्याच कार्यशाळा केल्या. या वाक्याच्या तोडीचं काही कुठे मिळालं नाही.

तुम्ही नुसतं पैसे भरायला शिकवलं असतं तर तुम्ही हिशेबनीस झाला असतात. कुठे भरायचे नाहीत हेही तुम्हीच शिकवलंत. 'हॅपी बर्थडे' या गाण्याच्या वापरासाठी 1500 डॉलर मागितले, म्हणून जेनिफर नेल्सन या माहितीपट करणाऱ्या बाईंनी 2013 मध्ये थेट दावा लावला, आणि 2015 मध्ये न्यायालयाने सांगितलं की पैसे उकळणाऱ्या कंपनीकडे त्या शब्दांचे वैध हक्कच नाहीत! ही बातमी तुम्ही कापून टेबलाच्या काचेखाली ठेवली होतीत. शेजारीच 2005 मध्ये अमेरिकेतल्या माहितीपटकारांच्या संघटनांनी मिळून काढलेलं 'फेअर यूज'चं निवेदन होतं. कुठल्या प्रसंगी परवानगी न घेता दुसऱ्याचा तुकडा वापरता येतो, हे त्यांनी आपापसात ठरवून लिहून काढलं आणि त्यानंतर हक्कांवरून होणाऱ्या दाव्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्याही असा वापर मान्य करू लागल्या. पण "हे अमेरिकेत चालतं म्हणून सगळीकडे चालेल असं समजू नकोस, 'फेअर डीलिंग'वाल्या देशांत, म्हणजे जिथे अशी सूट कायद्यात नेमून दिलेल्या कारणांपुरतीच असते तिथे, कायदा वेगळा आहे," हा इशारा तुम्ही दर वेळी जोडायचात. जोडलाच पाहिजे होता. इंटरनेटवर वाचून आलेले दिग्दर्शक आजही सर्रास दोन्हींचा गोंधळ घालतात.

एका निवृत्त परिचारिकेच्या मुलाखतीवरून एडिट रूममध्ये झालेली खडाजंगी तुम्हाला आठवत असेल. बाई काय बोलल्या होत्या! एका दमात, कुठेही न अडखळता. दिग्दर्शक त्या टेकवर फिदा होता. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि एकच शब्द उच्चारलात: "रेडिओ." मागे शेजारच्या खोलीत फिल्मी गाणं चालू होतं, बाईंच्या आवाजात असं मिसळलेलं की वेगळं काढणं अशक्य. दिग्दर्शक चिडला, प्रेक्षकांच्या ते लक्षातही येणार नाही म्हणाला. "प्रेक्षकांच्या नाही, गाण्याच्या मालकाच्या येईल," म्हणालात. गाणं आपोआप मागे वाजत होतं, आपण लावलेलं नव्हतं, या मुद्द्यावर आपली बाजू किती टिकेल ते तुम्ही वकिलांकडून लेखी आणवलंत आणि टेक राहिला. तेव्हापासून मी लोकेशनवर पोहोचले की कॅमेरा लागायच्या आधी घरातले रेडिओ, टीव्ही, फोन बंद करवते, मग ध्वनिमुद्रकाचे हेडफोन स्वतःच्या कानाला लावून अर्धा मिनिट खोली ऐकते. नवी मुलं याला माझी सवय समजतात. ती तुमची आहे.

या सगळ्यापेक्षा मला जास्त उपयोगी पडलं ते संमतीपत्राचं. तो फॉर्म मुलाखत संपल्यावर, दिवे विझवता विझवता, "ताई, इथे एक सही करा" म्हणून पुढे करायची पद्धत सगळीकडे आहे. तुम्ही ती मोडायला लावलीत. फॉर्म आधी, दिवे लागायच्या आत, माणसाच्या भाषेत, मोठ्याने वाचून दाखवायचा. 'सर्व माध्यमं' म्हणजे तुमच्या नातवाच्या फोनवरही हे दिसेल, 'कायम' म्हणजे तुमच्या पश्चातही दिसेल, हे फोड करून सांगायचं. तुम्ही म्हणायचात, इतकं ऐकूनही जो हो म्हणतो तोच पुढे कॅमेऱ्यासमोर खरं बोलतो. मला हे सुरुवातीला भाबडं वाटायचं. तसं ते नाही. कितीतरी जण नाही म्हणतात, आणि त्यांचं नाही शूटिंगआधी कळलेलं निर्मात्याला परवडतं.

एका माणसाने प्रक्षेपणाच्या तोंडावर आपलं एक वाक्य काढून टाकायची विनंती केली. सही झाली होती. कायद्याने आपण त्याला नकार देऊ शकत होतो, आणि सगळ्यांचं तेच मत होतं. तुम्ही एकट्या म्हणालात, कागद आपल्या बाजूने आहे म्हणूनच काढा, नसता तर भांडलो असतो. वाक्य गेलं. माहितीपट थोडा फिका झाला, ते मी आजही कबूल करते. पण त्याच माणसाच्या ओळखीने पुढे आम्हाला जी दारं उघडली ती कुठल्याही परवानापत्राने उघडली नसती.

आता पोटापाण्याचं. या धंद्यात पगारी निर्माते थोडे, कंत्राटी आणि स्वतंत्र जास्त, आणि हे बहुतेक देशांत असंच आहे. त्यांच्यासाठी व्यवस्थाही झाल्या: अमेरिकन काँग्रेसने 1988 मध्ये आयटीव्हीएसची, म्हणजे स्वतंत्र निर्मात्यांना सार्वजनिक टीव्हीसाठी पैसे देणाऱ्या संस्थेची, वाट मोकळी केली, भारतात 2000 साली पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट निघाला आणि स्वतंत्र निर्मात्यांचे माहितीपट दूरदर्शनवर दिसू लागले. पण एक माहितीपट संपल्यापासून दुसऱ्याचे पैसे मंजूर होईपर्यंत माणसाने खायचं काय, याची तरतूद कुठल्याच व्यवस्थेत नसते. प्रस्ताव लिहिण्याचे महिने कोणीही मोजत नाही. अशा रिकाम्या काळात तुम्ही मला दुसऱ्यांच्या माहितीपटांचं फुटेज शोधण्याचं, शॉट लिस्ट करण्याचं, हक्कांचे करार तपासण्याचं काम देत राहिलात. माझ्याबरोबरचे, माझ्याहून हुशार असलेले काही जण या फटीत पडून जाहिरातींकडे गेले ते गेलेच. मी राहिले, कारण तुमचं कंटाळवाणं वाटणारं कौशल्य माझ्या हातात होतं आणि त्याला कायम गिऱ्हाईक होतं.

मला प्रशासनातलं पद देऊ केलं तेव्हाही मी तुमच्याकडेच आले. तुम्ही डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं उदाहरण दिलंत: 1952 मध्ये बीबीसीत शिकाऊ म्हणून लागले, 1965 मध्ये बीबीसी टूचे प्रमुख झाले, त्याहून वर गेले, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते सगळं सोडून पुन्हा कार्यक्रम करायला लागले. 1979 मध्ये 'लाइफ ऑन अर्थ' या जीवसृष्टीवरच्या मालिकेचे तेरा भाग आले ते त्या राजीनाम्यामुळे. मी भारावून निघाले, तर मागून हाक मारलीत: "ते अ‍ॅटनबरो होते. तू आधी निवृत्तिवेतनाचा हिशेब करून ये." हिशेब केला. तरीही पद घेतलं नाही. पण आकडे बघून नाकारलं, त्यामुळे नंतर कधी चुटपुट लागली नाही.

हे सगळं आत्ताच लिहायला घेतलं, त्याचं एक कारण आहे. 1967 च्या कायद्याने उभं राहिलेलं, सार्वजनिक टीव्ही-रेडिओला सरकारी पैसा पोहोचवणारं अमेरिकेतलं सार्वजनिक प्रसारण महामंडळ, सीपीबी, त्याचा पुढच्या दोन वर्षांचा सुमारे 110 कोटी डॉलरचा निधी जुलै 2025 मध्ये काढून घेतला गेला आणि ऑगस्टमध्ये त्यांनी गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ओळखीतले सगळे नव्या माहितीपटांचं काय होणार यावर बोलत होते. माझ्या डोक्यात तुमचे तीन रकाने आले. नवे होतील कसेबसे, हॅम्प्टननेही केले. पण जे झालेत, त्यांच्या मुदती कोण मोजणार? माणसं कमी केली की हक्कांचं टेबल पहिलं उठतं, कारण त्याचं काम पडद्यावर दिसत नाही. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत टेप पुन्हा वापरता याव्यात म्हणून कितीतरी कार्यक्रम पुसले, त्याबद्दल आज सगळे हळहळतात. मुदत संपून कपाटात पडलेला माहितीपट पुसलेला नसतो एवढंच. प्रेक्षकाला दोन्हींत काय फरक?

म्हणून आम्ही काही जणांनी ठरवलंय, तुमची पद्धत लिहून काढायची. क्यू शीटचा नमुना, संमतीपत्र वाचून दाखवण्याची रीत, मुदत संपण्याआधी किती महिने घंटा वाजली पाहिजे, कुठे पैसे भरायचे आणि कुठे भांडायचं. छोटी पुस्तिका होईल, नव्या निर्मात्यांना फुकट वाटायची. मुखपृष्ठावर तुमचं नाव हवं आहे. त्यासाठी तुमची संमती लागेल. माध्यम सर्व, प्रदेश जगभर, मुदत कायम. फॉर्म तयार आहे. मोठ्याने वाचून दाखवायला मी स्वतः येते, कधी येऊ तेवढं कळवा.

आपली,
तुमच्या टेबलासमोर बसून निर्माती झालेली