रिमॅपच्या जाहिरातीत क्लचचा उल्लेख नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘दोन तासांत ३० टक्के जादा ताकद’ अशा ईसीयू रिमॅपच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातले (ईसीयूतले) तक्ते बदलून देण्याच्या, जाहिराती सध्या समाजमाध्यमांवर जोरात आहेत. त्यांत बीएचपीचा, म्हणजे ताकदीचा आकडा ठळक असतो आणि गिऱ्हाईकही तेवढेच विचारते. विचारायला हवा तो टॉर्क (फिरवण्याचा जोर) किती वाढणार आणि कोणत्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर), हा प्रश्न. मोडतोड होते ती बहुधा तिथेच.

डिझेल कधी, किती आणि किती दाबाने फवारायचे, टर्बोने किती बूस्ट (हवेचा जादा दाब) द्यायचा, टॉर्क कुठे अडवायचा, याचे तक्ते ईसीयूत असतात. उन्हाळ्यातला विदर्भ असो की लडाखमधली विरळ हवा, गाडी सगळीकडे चालावी म्हणून कंपनी त्यात थोडी ढील ठेवते. रिमॅपवाला ती ढील वापरतो. म्हणून टर्बो डिझेलमध्ये फरक खरोखर जाणवतो. रांजणगावात पूर्वी बनणाऱ्या १२४८ सीसी मल्टिजेट इंजिनाचेच पाहा. ७५ पीएस ताकद आणि १९० एनएम टॉर्कच्या या इंजिनाची २००० आरपीएमच्या खालची मरगळ सर्वांना ठाऊक आहे. चांगल्या मॅपने ती बरीच कमी होते, कशेडी घाटात ट्रकमागून निघताना गिअर उतरवावा लागत नाही. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला मात्र हाती फारसे काही लागत नाही. त्या पैशांत चार चांगले टायर घ्यावेत.

वाढीव टॉर्क पुढे झेपतो का, हा खरा प्रश्न. चाकणला बनणाऱ्या स्कोडा-फोक्सवॅगनच्या १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) गाड्यांत इंजिन २५० एनएम देते आणि त्यांच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, म्हणजे डीक्यू२०० ची, मर्यादाही २५० एनएमच आहे. तिथे ढील उरलेलीच नाही. तरीही या गाड्यांसाठी ३०० एनएमच्या पुढचे मॅप विकले जातात. मॅन्युअल गाडीत आधी क्लच जातो. रिकाम्या, सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवरून पूर्ण रेस द्यावी. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग तेवढा वाढला नाही, तर क्लच आताच घसरतो आहे. अशा गाडीला रिमॅप करून देणाऱ्याला तंत्रज्ञ म्हणवत नाही.

रिमॅपपेक्षा स्वस्तात मिळणारा ट्यूनिंग बॉक्स तर नकोच. तो रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल मुद्दाम कमी करून ईसीयूला दाखवतो. दाब पडला असे समजून ईसीयू तो वाढवतो आणि डिझेल हिशेबापेक्षा जास्त जाते. धूर आणि एक्झॉस्टचे तापमान आवरणारी गणिते मात्र जुन्याच आकड्यावर चालू राहतात. लांब चढणीला पूर्ण रेस दिली की टर्बाइन आणि पिस्टनचा माथा तापतो. मग पिस्टनला तडा गेला की दोष डिझेलच्या भेसळीवर ढकलला जातो.

बीएस ६ डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. जादा डिझेल म्हणजे जादा काजळी, म्हणजे वरचेवर रिजनरेशन (ती काजळी जाळून फिल्टर साफ करणे). त्यासाठी उशिरा फवारलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर ते ऑइल पातळ झाले आहे असे समजावे आणि लगेच बदलावे. यावर उपाय म्हणून डीपीएफच पोकळ करून देणारे आहेत. तो सरळ गुन्हा आहे.

पीयूसी पास झाली म्हणजे सगळे ठीक, हा समजही चुकीचा आहे. डिझेल गाडीची पीयूसी चाचणी न्यूट्रलमध्ये, विनाभार रेस देऊन होते. रिमॅपचा काळा धूर निघतो तो भाराखाली, चढावर. केंद्रावर गाडी साळसूद वागते.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२अ (४) नुसार बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. वॉरंटीचेही तसेच. मूळ तक्त्यांची फाइल परत टाकली तरी अनेक ईसीयूंमध्ये फ्लॅश झाल्याची, म्हणजे फाइल बदलल्याची, नोंद राहते.

एवढे वाचूनही ज्यांना करायचेच आहे, त्यांनी आधी इंजेक्टरची लीक-ऑफ चाचणी (किती डिझेल परत जाते ते पाहणारी) आणि बूस्टच्या पाइपांची तपासणी करून घ्यावी. आपल्या गाडीतून वाचून घेतलेली मूळ फाइल ताब्यात मागावी. इंटरनेटवरून उतरवलेली ‘तशीच’ फाइल नको. फ्लॅश चालू असताना बॅटरीला सपोर्ट चार्जर जोडलेला हवा, कारण मध्येच व्होल्टेज पडले तर ईसीयू निकामी होऊ शकतो. आधीचा आणि नंतरचा डायनो (ताकद आणि टॉर्क मोजणारी चाचणी) एकाच मशीनवर, एकाच दिवशी व्हावा. रस्त्यावर घेतलेला लॉगही मागावा. त्यात ईसीयूने मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट, तसेच रेल प्रेशरचे दोन्ही आकडे असतात. त्यांत सतत तफावत असेल तर गाडी तिथेच पूर्ववत करून घ्यावी. आणि टॉर्क २००० आरपीएमच्या आधी एकदम न चढवता हळूहळू चढवायला सांगावे. गाडी थोडी कमी ‘उडते’, पण क्लच आणि कनेक्टिंग रॉड वाचतात.

परिवहन विभागाने निदान डीपीएफ काढून देण्याच्या उघड जाहिरातींवर तरी कारवाई करावी. त्यासाठी कुठली गाडी रस्त्यात अडवायची गरज नाही, पत्ता आणि दर जाहिरातीतच दिलेले असतात.

कळावे,
एक वाचक, चिंचवड