बाबांचा सडपातळपणा आणि माझी आणखी तीन वर्षे

न्यूकॅसल, इंग्लंड

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर जे सांगायचे धाडस झाले नाही, ते आज लिहिते आहे. मार्चमध्ये मी कायमची परत येणार होते, पण इथले काम आणखी तीन वर्षे वाढवून घेतले आहे आणि कागदांवर सहीही करून बसले आहे. आधी विचारले नाही, कारण बाबा "तुझे तू बघ" म्हणाले असते, आई गप्प राहिली असती, आणि आईच्या त्या गप्प राहण्यापुढे माझा निर्णय टिकला नसता.

निदान हे काम काय आहे, ते तरी नीट सांगते. स्वादुपिंडात, म्हणजे इन्सुलिन तयार करणाऱ्या अवयवात, साचलेली चरबी आम्ही एमआरआयने मोजतो. सोनोग्राफीत पोटातल्या वायूमुळे हा अवयव धड दिसत नाही, सीटी स्कॅनच्या किरणांमुळे तो पुन्हा पुन्हा करता येत नाही, आणि सुई घालून तुकडा काढावा तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. एमआरआयमध्ये पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन किंचित वेगळ्या लयीत डोलतो. दोन टाळकऱ्यांची लय थोडी वेगळी असली, तर टाळ कधी एकदम वाजतात आणि कधी अगदी उलट पडतात. त्या दोन्ही क्षणांच्या प्रतिमा घेऊन त्यांची बेरीज आणि वजाबाकी केली, की पाणी वेगळे आणि चरबी वेगळी दिसते. या रीतीला डिक्सन पद्धत म्हणतात.

खरी कसोटी पुढे असते. मधुमेह असलेल्या माणसाच्या स्वादुपिंडाची कडा बहुधा दातेरी, खाचाखाचांची असते आणि त्या खाचांत बाहेरची चरबी शिरलेली असते. तिचे दोन ठिपके जरी मोजणीत आले, तरी आकडा फसवा होतो. म्हणून पडद्यावर मोठे करून, आतल्या भागावर लहान लहान चौकटी एकेक करून ठेवाव्या लागतात. आई, तू खिडकीत उजेडाकडे सूप धरून तांदूळ निवडायचीस, तेव्हा मी तुझ्या मांडीला टेकून बसायचे. मला हे काम करताना तेच आठवते.

एवढ्या काटेकोरपणाची गरज का, तेही सांगते. २०११ साली याच शहरात प्रा. रॉय टेलर यांच्या गटाने मधुमेहाच्या ११ रुग्णांना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवले. त्यांच्या स्वादुपिंडातली चरबी सरासरी ८ टक्क्यांवरून सुमारे ६ टक्क्यांवर आली आणि इन्सुलिनचा पाझर पुन्हा सुधारला. फरक जेमतेम दोन टक्क्यांचा होता, आणि हात जरा चुकला असता तर तो दिसलाच नसता.

बाबा, आता तुमच्याविषयी. "बारीक माणसाला कसला मधुमेह, गोड खाल्ले असेल" हे वाक्य तुम्ही १४ वर्षे ऐकत आहात, आणि पेढ्यांच्या त्या डब्यावरून आईने स्वतःला जो दोष लावून घेतला तो अजून सुटलेला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडचा सडपातळ माणूस आतून सडपातळ असतोच असे नाही. त्यामुळे कृपा करून त्या डब्याचा विषय आता दोघांनीही मनातून काढून टाका.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. आजार जुना झाल्यावर स्वादुपिंडाची गेलेली ताकद परत मिळणे अवघड होत जाते, आणि मी ज्या मोजणीसाठी राहते आहे तिचा तुम्हाला थेट उपयोग होईल असे मी म्हणू शकत नाही. तरीही तुमची साखर आज आटोक्यात आहे, डोळे आणि मूत्रपिंडे चांगली आहेत, आणि यात आईच्या चौदा वर्षांच्या स्वयंपाकाचा वाटा फार मोठा आहे.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, कुकर चालतो, ज्वारीचे पीठ मिळते आणि भाकरी आता फुगतेसुद्धा. गणपतीला दहा दिवस येते आहे. तिकीट काढले आहे.

आता माझे ऐका. बाबा, तुम्ही ज्या एमआरआयची चौकशी करून आलात, तो करायचा नाही. ती मोजणी संशोधनासाठी आहे. तुमच्या उपचारासाठी दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी, पुरेशी आहे. कमी कॅलरींचा तो आहार डॉक्टरांना न विचारता सुरू करायचा नाही, कारण तुमच्या गोळ्या चालू असताना साखर एकदम खाली जाऊ शकते. आई, रोज रात्री त्यांचे तळपाय तू स्वतः बघ, ते "बघितले" म्हणाले तरी बघ. जिन्यातला दिवा आजच बदलून घ्या. आणि बाबा, सकाळी फिरायला जाताना सदऱ्याच्या खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. अजिंक्यतारा चढताना माझ्यासाठी लिमलेटच्या गोळ्या ज्या खिशात असायच्या, त्याच खिशात ठेवा, म्हणजे विसरणार नाही.

तुमची,
छकुली