घाटापलीकडचं राज्य

ती. अण्णा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही दोघांनी आमच्याजवळ राहायला यायचा विषय फोनवर निघाला की अण्णा "बघू" म्हणतात आणि आई, तू नातीला फोन द्यायला सांगतेस. म्हणून पत्र लिहितेय. दुपारी दोघांनी सावकाश वाचा, पटलं नाही तर तसं कळवा.

आम्ही पुणे सोडतोय. माझं काम आता कायमचं घरूनच आहे आणि ह्यांचं तर आधीपासूनच तसं होतं. बरं इंटरनेट मिळालं की झालं, कोणत्या गावात बसलोय हे कोणी विचारत नाही. आपल्या घरात कोण कुठे राहणार हे आजवर नोकरीनेच ठरवलं. अण्णांच्या बदल्यांनी आपल्याला साक्री, शिंदखेडा, शिरपूर असं फिरवलं, मला नोकरीने पुण्याला नेलं. आता पहिल्यांदाच देशाचा नकाशा समोर आहे आणि बोट कुठेही ठेवायची मुभा आहे. मला मात्र हे नवं घर आपल्या सगळ्यांसाठी बघायचं आहे. राज्य निवडायचं ते तुम्हा दोघांचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस तिथे कसा जाईल, हे बघून. बाकी सगळं त्याच्यामागून.

ह्यांच्या मनात हिमाचल होतं. तिथली हवा मलाही आवडते. पण तिथे १९७२ च्या कूळ कायद्याचं कलम ११८ आहे. हिमाचलचा शेतकरी नसलेल्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. उत्तराखंडातही शहराबाहेर बाहेरच्या माणसावर अडीचशे चौरस मीटरची मर्यादा आहे. भाड्याने राहता येईल, पण आईच्या गुडघ्यांना रोजचा चढउतार, आणि शिरपुरात काही कार्य निघालं तर यायला दोन दिवस. तो विषय आम्ही एका संध्याकाळीच मिटवला.

बंगळूरुवर जास्त बोलणं झालं. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच आहे, त्यामुळे आपल्यासारखा उन्हाळा तिथे नाही. दवाखानेही उत्तम. पण अण्णा, तुम्ही घराबाहेर पडलात की चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, बँकेच्या रांगेत माणसांशी बोलता. तुमचा निम्मा दिवस त्या बोलण्यात जातो आणि तुमची तब्येत त्यावर टिकून आहे असं मी मानते. तिथे पाटीही वाचता येणार नाही. नात शाळेत कन्नड शिकेल, २०१५ च्या कायद्याने ती तिथल्या शाळांत शिकवलीच जाते, आणि लहान पोरं पटकन शिकतात. शहात्तराव्या वर्षी तुम्ही नवी लिपी शिकावी असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

सुरतेचा विचार मात्र मी अगदी मनापासून केला. उधना-लिंबायतला अर्धा खान्देश राहतो, गल्लीत अहिराणी ऐकू येते, श्रावणात आपली कानबाई देवी बसते, मावशी तिथेच आहे. तापीही आपलीच, आपल्याकडून वाहत तिथे पोचते. पण आईचा दमा. समुद्राजवळची ती दमट हवा तिला मानवत नाही, हे मावशीकडच्या मुक्कामात दोन-तीनदा दिसलंय. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडल्यावर सुरतेची काय दशा झाली होती तेही मावशीच्याच तोंडून ऐकलंय. तळमजल्याचं घर तुमच्यासाठी हवंच, आणि सुरतेत तळमजला म्हटलं की मला तेच आठवतं.

म्हणून मी मध्य प्रदेशावर येऊन थांबले. इंदूर.

आई, तुझं माहेर सेंधव्याचं. तू लग्न होऊन आलीस तीच राज्य ओलांडून आलीस, आणि पळासनेर सोडून बिजासनचा घाट चढताना आपण परक्या मुलखात चाललोय असं तुझ्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही. फारुकींच्या वेळी खान्देशाची राजधानी होती ते बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशातच आहे. १९६० साली तापीकाठची आपली काही गावं गुजरातेत गेली. सीमा कागदावर सरकल्या, सोयरिकी होत्या तिथेच राहिल्या. दोन्ही मामा आता इंदुरात आहेत. तुझ्याशी तुझ्या लहानपणाचं बोलू शकतील अशी माणसं आता तीच दोघं उरली, आणि तुमची भेट होते ती लग्नात नाहीतर दहाव्याला. माझ्या लेखी इंदुराची ही सगळ्यात मोठी बाजू आहे.

दुसरी बाजू उन्हाची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, कूलरसुद्धा गरम हवा फेकतो, आणि वीज गेली की मी इथे पुण्यात बसून तुमचा विचार करत राहते. इंदूर माळव्याच्या पठारावर साडेपाचशे मीटर उंचावर आहे. दुपारी तिथेही ऊन आहे, ते मी लपवणार नाही. पण रात्री हवा उतरते. 'शब-ए-माळवा' म्हणून तिथल्या रात्रींचं कौतुक लोक पूर्वीपासून करत आलेत. म्हाताऱ्या माणसाला रात्रीची सलग झोप मिळाली तर दुपारचं ऊन निभावतं.

अण्णांच्या छातीत दुखलं तेव्हा धुळ्याहून पुढे नाशिकला न्यावं लागलं. शिरपूरहून नाशिक दोनशे किलोमीटर, इंदूरही जवळपास तितकंच. मग आजारी पडल्यावर तेवढं अंतर गाडीत काढण्यापेक्षा मोठ्या दवाखान्याच्या गावातच आधीपासून राहिलेलं काय वाईट? सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार ऑक्टोबर २०२४ पासून मिळतात, उत्पन्नाची अट नाही, आणि ते कार्ड योजनेतल्या दवाखान्यात दुसऱ्या राज्यातही चालतं. तुमची दोघांची कार्डं मी अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला आले की काढून टाकते, इंदूर ठरो न ठरो.

आता अण्णा म्हणतील, एवढं सगळं आहे तर नाशिकच का नको? हा प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर पुष्कळ विचार केला. नाशिकची हवा चांगली, भाषा आपली, राज्य आपलं. तुम्हाला एसटी फुकट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून, आणि आईला अर्धं तिकीट. घाट ओलांडला की ही सवलत संपते, आणि मध्य प्रदेशाने तर २००५ मध्ये आपलं परिवहन महामंडळच बंद केलं, तिथून गावोगाव खासगी बसच. आईला लाल गाडीशिवाय प्रवास केल्यासारखं वाटत नाही, मला माहीत आहे. नातीच्या बाजूनेही नाशिक सोयीचं. पुढे तिला डॉक्टर व्हायचं झालं तर महाराष्ट्राच्या कोट्यातून प्रवेशासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच झालेली लागते. पण ती आता तिसरीत आहे. तिला काय व्हायचंय ते तिलाच ठाऊक नाही. तिच्या आठ-नऊ वर्षांनंतरच्या परीक्षेसाठी तुमची आजची वर्षं अनोळखी गल्लीत काढायची हे माझ्या मनाला पटत नाही. वेळ आली तर आठवी-नववीत पुन्हा विचार करू, आमच्या हातात तेवढी वर्षं आहेत. नाशकात आपलं कोणी नाही. इंदुरात दोन मामा, मामी, त्यांची पोरं, आणि होळकरांच्या काळापासून वस्तीला असलेली मराठी माणसं. महाराष्ट्र साहित्य सभा तिथे शंभर वर्षांहून जुनी आहे, अण्णांना वाचायला आणि वाद घालायला जागा आहे. हिंदी तर तुम्ही वर्गात शिकवलीच आहे. आणि आई, तिथले दाल-बाफले म्हणजे आपल्या वरण-बट्टीची सख्खी बहीण.

आता ज्यावर तुम्ही दोघं माझ्याशी बोलत नाही त्याबद्दल. लेकीच्या घरी कसं राहायचं, लोक काय म्हणतील. अण्णा, तुम्ही मला शिकवलंत, एकटीला पुण्याला पाठवलंत, तेव्हाही लोक बोललेच होते, आणि तुम्ही पारावर बसून त्यांना उत्तरं दिली होती. तरीही तुमचं मन मला कळतं. म्हणून मी असं ठरवलंय की तुम्ही माझ्या घरी राहायचंच नाही. त्याच गल्लीत किंवा त्याच इमारतीत तुमचं वेगळं घर, भाडेकरार अण्णांच्या नावाने, भाडं पेन्शनमधून. तुमची चूल, तुमचा देव्हारा, तुमच्या दाराला तुमचं कुलूप. मी पाहुणी म्हणून चहाला येईन आणि आजारपणात हक्काने येईन. ह्यांनाही हेच पटलंय. सासरे अमळनेरला दिरांकडे सुखात आहेत, त्यामुळे त्या बाजूने कुणाचं मन दुखावत नाही.

शिरपूरचं घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. कानबाईचे रोट भाऊबंदांत बसूनच खायचे असतात, ते इंदुरात कसे होतील? श्रावणात आपण सगळे शिरपुरातच. आखाजीलाही. तुम्ही इंदुरात राहिलात तरी माझं माहेर तेच घर आहे आणि आखाजीचा झोका मला त्याच अंगणात हवाय. शेत आहे तसं बटाईने चालू राहू द्या. ई-पीक पाहणीचे फोटो शेतात जाऊनच काढावे लागतात, ते दादा काढेल, माझं त्याच्याशी बोलणं झालंय. पेन्शन बँकेत येतेच. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, ते मी करेन. एमएच १८ ची स्कूटर मात्र नेऊ नका. दुसऱ्या राज्यात गाडी वर्षापेक्षा जास्त ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी आणि तिथला कर भरावा लागतो, आणि खरं सांगू, अण्णांनी इंदूरच्या रहदारीत ती चालवू नये असंच मला वाटतं.

जाण्या-येण्याला आज आग्रा रोड आहे. मनमाड-इंदूर रेल्वे तुम्ही किती वर्षांपासून ऐकताय. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने तिला मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटींचा खर्च, आणि मार्ग धुळे-शिरपूर-सेंधव्यावरूनच. ती झाली तर शिरपुरातून गाडीत बसायचं आणि इंदुरात उतरायचं. पण तिच्या भरवशावर मी काही ठरवलेलं नाही.

आई, तू मागे म्हणालीस, "आठेच बरं शे आमनं." इथेच आपलं बरं आहे, हे मी खोडून काढत नाही. शेजारच्या काकू, रोजची देवळातली आरती, भाजीवाली तुझ्यासाठी बाजूला ठेवते ती मेथी, हे इंदुरात पहिल्या दिवशी मिळणार नाही. कदाचित वर्षभरही नाही. पण तुला रात्री धाप लागते तेव्हा अण्णा एकटे असतात, आणि अण्णांना काही झालं तर तू एकटी. त्या रात्री मला तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर राहायचंय.

आत्ता होकार नका देऊ. आखाजी झाली की माझ्याबरोबर चला आणि पाऊस पडेपर्यंत राहून बघा. ऐन उन्हाळ्यातच बघा म्हणजे खरं कळेल. नाही मानवलं तर शिरपूरला परत, आणि मग आम्हीच नाशिक-धुळ्याकडे सरकू, पण पुण्यात थांबणार नाही हे नक्की.

धाकट्या मामाने तळमजल्याची दोन घरं पाहिली आहेत. एक राजवाड्याजवळ, गजबजाटात, दारातच भाजीबाजार. दुसरं जरा बाहेर, मोकळं, समोर बाग, पण दुकान लांब. मला दुसरं आवडलं, मामा पहिल्याच्या बाजूने आहे. राहणार तुम्ही आहात, तेव्हा तुम्ही ठरवा आणि रविवारपर्यंत मामाला फोन करा, घरमालक त्यापुढे थांबणार नाही. अण्णा, संडास-बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घ्यायला मी मामाला सांगितलंय, त्यावर वाद घालू नका. आई, दम्याच्या फवाऱ्याची जुनी चिठ्ठी आणि अण्णांचे नाशिकचे सगळे रिपोर्ट एका पिशवीत काढून ठेव.

तुमची लेक