भेटीच्या पार्सलमधली नकली घड्याळे

महोदय,
दुबईत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने दिवाळीनिमित्त घरी चार घड्याळे टपालाने पाठवली. डायलवर नामांकित स्विस कंपनीचे नाव, पार्सलसोबतच्या घोषणापत्रात किंमत मात्र चारही घड्याळांची मिळून दीडशे दिरहम. पार्सल सीमाशुल्क विभागाने अडवले. भाच्याने मला फोटो दाखवले, तेव्हा मागच्या झाकणावर कोरलेल्या नावातले एक अक्षर चुकलेले मलाही दिसले. खुलासा मागणारे इंग्रजी पत्र आले ते पार्सल घेणारी म्हणून माझ्या बहिणीच्या नावे. बासष्ट वर्षांची ती बाई दोन रात्री झोपली नाही.

आयात मालातील बौद्धिक संपदा हक्कांविषयीच्या २००७ च्या नियमांनुसार बनावट माल सीमेवर अडवता येतो आणि नकली ठरल्यास नष्ट करता येतो. स्वतःच्या वापरासाठी पाठवलेल्या, व्यापारी नसलेल्या छोट्या पार्सलना त्यातून सूट आहे खरी, पण एकसारखी चार घड्याळे पाहिली की अधिकाऱ्याला शंका येणारच. शिवाय डिसेंबर २०१९ पासून टपाल किंवा कुरियरने आलेली वस्तू 'भेट' म्हणून शुल्काविना सोडवता येत नाही. अपवाद फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांचा. आखातात राबणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

तिथल्या महाराष्ट्र मंडळांनी आपल्या सभासदांना हे नियम समजावून सांगावेत. आणि महाराष्ट्रातल्या पत्त्यावर जाणारे असे पत्र इंग्रजीसोबत मराठीतही असावे, एवढी कळकळीची विनंती.

– एक वाचक, मिरज