खो-खोनंतरच्या कामाविषयी

पुणे

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असताना, गुडघ्याने साथ सोडल्यावर मी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन कंत्राटी पद का पत्करले, असे बाबांनी फोनवर विचारले होते. तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

शहरी आरोग्य अभियानाच्या निकषाप्रमाणे साधारण ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी आरोग्य केंद्र लागते. ते कोठे असावे, आशाताईंमध्ये घरे कशी वाटावीत, पावसाळ्यापूर्वी कोणत्या गल्ल्या आधी तपासाव्यात, याचा आराखडा करणे हे माझे काम. आई शेजारी सांगते की मी दवाखान्यात असते; मी रुग्ण तपासत नाही, पण तिचे सांगणे चालू द्यावे.

डेंग्यूचेच पाहा. एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करण्याचा आग्रह असतो. परंतु ज्या वस्तीत नळाला थोडाच वेळ पाणी येते, तिथल्या बायकांनी पिंपे भरून ठेवायची नाहीत तर काय करायचे? तिथे नोटिसा देऊन काही साधत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. पाणी सुटण्याच्या वेळा आणि रुग्णांच्या नोंदी एकाच नकाशावर मांडल्या, तरच पाणीपुरवठ्याच्या लोकांशी मुद्द्याचे बोलता येते.

२०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा तुम्ही घाबरून मला गावी बोलावत होतात. तो आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. बहुधा आधीच्या संसर्गानंतर प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, आणि त्या वेळी काही रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून येणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू सापडला होता. रुग्ण आढळलेली किरकटवाडी, नांदेड ही गावे २०२१ सालीच महापालिकेत आली होती. हद्द एका आदेशाने वाढते, जलवाहिन्यांना वर्षे लागतात. त्या मधल्या काळात लोकांनी कोणते पाणी प्यायचे, हे कोणीतरी आधी ठरवायला हवे.

खेळाची वर्षे वाया गेली, असे मात्र मानू नये. खो-खोत चौकटीत बसलेल्याला खो मिळेपर्यंत उठता येत नाही, पण बसल्या जागी बचावपटूच्या पावलांवर नजर नसेल, तर खो मिळूनही उपयोग होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत, साथ नसताना, माझे काम नेमके तेच असते. अवघड जाते ते निराळेच: सामन्यानंतर फलकावर गुण दिसत, इथे एखाद्या गल्लीत ताप पसरला नाही, तर तो आमच्या कामामुळे की पाऊस कमी पडल्यामुळे, हे खात्रीने सांगता येत नाही.

कंत्राटाबद्दलची बाबांची काळजी रास्त आहे. कायम पदाची जाहिरात निघाली तर खेळाडू कोट्यातून अर्ज करीन, परंतु आरोग्य विभागातच.

परसातला हौद रिकामा केल्यावर आतल्या कडाही काथ्याने घासून घ्याव्यात. डासाची अंडी कडांना चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात.

कळावे, लोभ असावा.

आपली लेक